फेरपालटाची पाटी

मी बांधावरची पाटी बोलतेय. जन्म नागापूरच्या एमआयडीसीतला, मुक्काम तिसगावच्या रानात. माझ्या कपाळावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'पीक फेरपालट प्रात्यक्षिक', आणि त्याखाली, 'शेतकरी : राधाकृष्ण'. त्या खालच्या ओळीची मला पहिल्या दिवसापासून किळस आहे.

मला रोवलं तेव्हा शेतीखात्याचे साहेब आले, नारळ फुटला, फोटो झाले. राधाकृष्णाला मुगाच्या बियाण्याची पिशवी फुकट मिळाली. साहेबांनी बजावलं, "बाजरीवर बाजरी घेऊ नका, मध्ये एक हंगाम मूग करा." हा नंदीबैलासारखा मान हलवत होता. जीप वळली आणि यानं पिशवी माझ्या पायाशी आपटली.

"मूग खायाला मी काय आजारी हाय का? आमच्या आज्यानं बाजरीच पेरली!"

आज्याच्या मिशा तेवढ्या उचलल्या, अक्कल तिथंच सोडली.

शेजारच्या रानात त्याची चुलत भावजय साळूबाई खुरपत होती. तिनं विचारलं, "भावजी, मी टाकू का?"

"टाका वैनी. गावाला हसायला व्हईल."

तिनं पेरला. त्या मुगाच्या पैशावर घोडेगावच्या बाजारातून म्हैस आली. पुढच्या पावसाळ्यात त्याच रानात तिनं बाजरी केली, तर कणसं मनगटाएवढी! इकडे राधाकृष्णाच्या बाजरीवर पुन्हा गोसावी रोग पडला. कणसात दाण्याऐवजी हिरव्या पानांचा झुपका. हा शहाणा म्हणतो, "वैनीची नजर लागली!"

काल खात्याचे नवे साहेब पाहणीला येणार होते. सकाळीच यानं मला उपटलं, धुतलं आणि साळूबाईच्या बाजरीत नेऊन रोवलं. स्वतः इस्त्रीचा सदरा घालून शेजारी उभा. लाज म्हणून काही असते, हे मला पत्र्याला कळतं.

साळूबाई शेणाचं घमेलं घेऊन आली. "भावजी, ही बाजरी कुनाची?"

"फोटोपुरती माझी. पाटीवर नाव माझंच हाय की!"

तिनं घमेल्यातून गोळा उचलला आणि त्या नावावर थापला. गोवरीसारखा नीट, कडा दाबून.

तेवढ्यात जीप आली. साहेबांनी विचारलं, "शेतकरी कोण?"

"मी," साळूबाई म्हणाली आणि पदराला हात पुसत माझ्याशेजारी उभी राहिली. राधाकृष्ण बांध ओलांडून आपल्या रानात परत फिरला.

तिसगावकडे आलात तर मला जरूर वाचा. फक्त एवढं करा, ते शेण कुणी खरवडू नका.