धीर देण्याची खोली

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. त्या रुग्णालयात काडी विकायचं काम धाकटीकडे होतं. पदाचं नाव समुपदेशक. अतिदक्षता विभागाशेजारच्या खोलीत नातेवाइकांना बसवायचं, 'वाचणार नाहीत' हे शब्द चुकूनही तोंडातून काढायचे नाहीत आणि उपचार चालू ठेवण्याच्या कागदावर सही घ्यायची. अकरा वर्षांत तिने हे इतकं चोख केलं होतं, की नव्या मुलींना शिकवायलाही तिलाच बोलावत.

आता त्या खोलीबाहेर तिची सख्खी ताई बसली होती. मेंदूत रक्तस्राव होऊन भावोजी एकोणीस दिवस यंत्रावर होते. सकाळी लिफ्टमध्ये मोठे डॉक्टर धाकटीला सहज बोलून गेले, "तुमच्या भावोजींत काही उरलेलं नाही हो. श्वास मशीनच घेतंय." आणि अर्ध्या तासाने याच गृहस्थांनी ताईला नवं इंजेक्शन सुचवलं, पंधरा दिवसांचं. ताईचं सोनंनाणं संपलं होतं. राहतं घर तेवढं होतं. तेही वडिलांचं, दोघी बहिणींच्या नावावर.

धाकटीचं डोकं फिरलं. अकरा वर्षं लोकांची घरं विकली गेली तेव्हा मात्र ते जागेवर होतं. तिने ताईला जिन्यात नेलं.

"ताई, पुरे आता. भावोजी उठणार नाहीत. घरी नेऊ या त्यांना."

"कोण म्हणतं?"

"मोठे डॉक्टर. मला म्हणाले."

"मला तर इंजेक्शन घ्या म्हणाले."

"तुला तसंच म्हणणार. आम्ही सगळ्यांना तसंच म्हणतो. पोटासाठी करावं लागतं गं."

ताई पायरीवर बसली. "म्हणजे तू रोज लोकांशी खोटं बोलतेस. मग आज माझ्याशी खरं बोलतेस कशावरून?"

लोकांना गप्प करायचे शंभर मार्ग धाकटीला पाठ होते. आपलं खरं पटवायचा एकही ठाऊक नव्हता.

"घर जातंय म्हणून ना?" ताई म्हणाली. "तुझा वाटा जातोय म्हणून?"

"ताई!"

"आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस. तुला न्हाऊमाखू घातलं मी. तुझ्या लग्नात हा माणूस बापाच्या जागी उभा राहिला. आणि त्याला तू मारायला निघालीस? नेते मी घरी. पण त्याला काही झालं, तर मला तोंड दाखवू नकोस."

डिस्चार्ज मागायला ती खरंच उठली आणि खाली निघाली. जिना उतरताना तिला कठडा धरावा लागत होता. एकोणीस दिवसांत ती निम्मी झाली होती. भावोजी गेलेच होते. ताईही जाणार, हे धाकटीला सोसेना.

तिने धावत जाऊन ताईचा हात धरला, वर आणून खोलीत बसवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "चुकलं माझं. भावोजी लढतायत, ताई. आपणच हात टेकून कसं चालेल? पंधरा दिवस देऊ या त्यांना."

ताईला रडू फुटलं. धाकटीच्या गालावरून हात फिरवत ती म्हणाली, "असं आधी का नाही बोललीस, वेडे?"

मग तिने पिशवीतून घर विकायचे कागद काढले. धाकटीने दोन ठिकाणी सही केली.