सुईवाल्याची मोजणी

मामाचा मोजणीचा नियम एकच: ज्याच्या हातात वही, त्याचेच कान. बरोबरच्याने दहा मिनिटं तोंडाला कुलूप लावायचं. माझ्यासारख्या बडबडीला ही शिक्षाच. पण डोंगरमाथ्यावरच्या या राखीव गवताळ भागात मामाने तीस वर्षं पक्षी मोजलेत, त्याच्यापुढे कोण बोलणार?

सुईवाला म्हणजे बोटभर तपकिरी पक्षी. गवतातून बाहेर येईल तर शपथ! आवाज सुईसारखा बारीक, म्हणून आमच्या घरात त्याचं हे नाव. तो मोजायचा तो फक्त कानांनी. गेली दोन वर्षं मामा एकटाच वर जायचा आणि शून्य लिहून परत यायचा. यंदाही शून्य आलं की हा भाग राखीव यादीतून बाहेर, आणि तिथून रस्ता जाणार. आठवडाभर मामा धड जेवला नव्हता, म्हणून मी सुट्टी काढून आले.

सकाळी खुणेच्या दगडाशी थांबलो. मिनिटभरात डावीकडून एक सुईवाला बोलला. मग वरून दुसरा. तिसरा इतक्या जवळून, की मी दचकले. मामाची पेन्सिल हलेना. दहा मिनिटं झाली, त्याने वहीत शून्य काढलं आणि डोळे पुसले.

त्याला ते ऐकूच आले नव्हते. मामी सांगायचीच, हाक मारली की ओ देतो, पण घड्याळाचा बारीक गजर वाजला तरी उठत नाही. आम्ही त्याला आळशी म्हणून चिडवायचो. चुलीत गेला तो नियम!

"मामा, खोड ते शून्य."

"गप. ज्याच्या हातात वही, त्याचेच कान."

"पाच आहेत. एक तर तुझ्या बुटापाशी."

"थट्टा करू नकोस गं."

मी नुसतं बोट वर धरलं आणि आवाज आला की ते हलवत गेले. तो बोटाकडे बघत राहिला. पाचव्यांदा हललं तेव्हा मटकन खाली बसला.

मला वाटलं, आता चिडेल. तीस वर्षांचा मान एका सकाळी गेला होता.

"दोन वर्षं मी यांच्यासाठी रडतोय," तो म्हणाला, "आणि हे लेकाचे गातायत!" हसत हसतच त्याने शून्य खोडलं आणि ठळक पाच लिहिला.

मग हळूच म्हणाला, "आवाज काढून दाखव ना एकदा. विसरत चाललोय."

मी ओठ आवळून जमेल तितकी बारीक शिट्टी घातली. गवतातून लगेच उत्तर आलं.

मामा अजून माझ्या तोंडाकडे बघत होता.

"घाल की शिट्टी," तो म्हणाला.