जाताना तो, येताना मी

मोटरसायकलनं ये-जा करून पैसे वाचतात की नाही, यावर योगेंद्र आणि मी नऊ वर्षं भांडलो. भांडण मिटलं नाही, कारण ते मिटावं असं दोघांनाही वाटत नव्हतं. अडतीस किलोमीटर जाताना आणि अडतीस येताना माणसाला बोलायला काहीतरी लागतंच.

आम्ही एकाच गल्लीतले. गाव तापीच्या काठावर आणि नोकरी अक्कलकुव्याला, एका सरकारी कचेरीत. तो आवक-जावकला, मी आस्थापनेला. घरची केळी आणि कापूस भाऊ बघतात, आम्ही पगारवाले. गाडी योगेंद्रची, पेट्रोल निम्मं निम्मं. नियमही त्यानंच घालून दिला होता: जाताना तो चालवणार, येताना मी. हेल्मेट एकच. ते हँडलबरोबर फिरायचं. सकाळी त्याच्या डोक्यावर, संध्याकाळी माझ्या. आमच्याकडचा पोलीस चालवणाऱ्याचंच डोकं बघतो, मागच्याचं कोण विचारतो!

मी एकदा दुसरं हेल्मेट घेऊ म्हणालो.

"नऊशे रुपया लागतीन," योगेंद्र म्हणाला. "तेवढामा सहा दिननं पेट्रोल येस."

त्याचं गणित असं. एसटीचा महिन्याचा पास माणशी अठ्ठावीसशे, पेट्रोल माणशी अठराशे, म्हणजे महिन्याला हजार रुपये शिल्लक. मी विचारायचो, टायर? चेनसेट? ऑइल? विमा? त्यावर तो ठरलेलं उत्तर द्यायचा, "ते गाडीनं शे, येवा-जावानं नही." म्हणजे ही गाडी येण्याजाण्याशिवाय दुसरं काय करत होती, हे देवाला ठाऊक. रविवारी ती अंगणात उभी असायची आणि तिच्या सीटवर त्याची बायको, हेमांगीवहिनी, गोधड्या वाळत घालायच्या. पण त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. एकेक रुपया वाचवताना त्याच्या तोंडावर जे समाधान दिसायचं ते मला पगाराच्या दिवशीही कधी वाटलं नाही.

जानेवारीतला शुक्रवार होता. सहा वाजता आम्ही कचेरीतून निघालो. हँडल माझ्या हातात, हेल्मेट माझ्या डोक्यावर. तळोद्याच्या अलीकडे एका फाट्यावर त्या दिवशी दुपारी गतिरोधक टाकला होता. सकाळी जाताना तो नव्हता. त्यावर पांढरे पट्टेही नव्हते. मी साठच्या वेगात असेन. योगेंद्र मागून सांगत होता की चेनसेट या महिन्यात नको, पुढच्या महिन्यात बदलू. "अजून एक महिना खेची लेई," एवढं मला ऐकू आलं. मग मी रस्त्यावर होतो. हेल्मेटला कानापासून वर तडा गेला होता. योगेंद्र चार हात अंतरावर कुशीवर पडला होता. मी त्याला हाक मारली की नाही, ते आठवत नाही.

माझं गळ्याखालचं हाड मोडलं. योगेंद्र नंदुरबारला पोचेपर्यंतही राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात योगेंद्रचे काका, उखाआप्पा, आले. सोबत गिरधर होता. गिरधर तळोद्याला बसस्टँडजवळ बसून गाड्यांचे विमे उतरवतो, आमच्या गावातल्या निम्म्या गाड्या त्याच्याच हातच्या. तो माझ्या खाटेवर टेकला आणि हळू आवाजात बोलू लागला. गाडीचा मालक स्वतः चालवत असेल आणि गेला, तर वारसाला पंधरा लाख. मालक मागे बसलेला असेल तर कंपनी हात वर करते.

"तुझ्यावर केसही होणार नाही," तो जाता जाता म्हणाला. जणू मोठ्या खरेदीवर वर काहीतरी फुकट द्यावं तसं.

उखाआप्पा भिंतीकडे बघत होते. "दोन पोरी शेतस त्याले," एवढंच म्हणाले.

खोटं बोल, असं कुणीही म्हणालं नाही. दुपारी हवालदार आला. त्यानं विचारलं, गाडी कोण चालवत होतं.

"योगेंद्र," मी म्हणालो.

"मग हेल्मेट तुमच्या डोक्यावर कसं?"

ह्याचं उत्तर गिरधरनं दिलं नव्हतं. "त्यानं मला दिलं," मी म्हणालो. "मला सर्दी होती. वारं लागू नये म्हणून."

हवालदारानं ते लिहून घेतलं. मला सर्दी नव्हती. खोटं बोलताना छाती धडधडते म्हणतात, माझी धडधडली नाही. वाईट वाटलं, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मला काहीच वाटत नव्हतं. खिडकीबाहेर एक बाई खोबरेल तेलाच्या बाटलीत पाणी भरत होती, ते मी बघत राहिलो.

दहाव्याच्या दिवशी मी हात गळ्यात अडकवून त्यांच्या घरी गेलो. तोवर गावात ती गोष्ट झाली होती. ओट्यावर बसलेली माणसं एकमेकांना सांगत होती की योगेंद्रनं दोस्ताला सर्दी होती म्हणून स्वतःच्या डोक्यावरचं काढून दिलं, असा माणूस आता मिळायचा नाही. ज्या माणसानं नऊशे रुपयांचं दुसरं हेल्मेट घेतलं नाही तो दहा दिवसांत दानशूर झाला होता. मी मान हलवत होतो.

योगेंद्रची आई, जसोदामाय, कोपऱ्यात बसली होती. तिनं मला जवळ बोलावलं, माझं डोकं खाली वाकवलं आणि त्यावर हात ठेवला.

"आठे मन्हा पोऱ्याना हात शे," ती म्हणाली. आठे म्हणजे इथे, माझ्या डोक्यावर.

स्वयंपाकघराच्या दारात हेमांगीवहिनी उभ्या होत्या. नऊ वर्षं रोज संध्याकाळी त्या याच दारातून बघत आल्या होत्या: योगेंद्र मागच्या सीटवरून उतरतो, फाटक उघडतो, मी गाडी आत लावतो, हेल्मेट आरशाला अडकवतो आणि पायी घरी जातो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आत गेल्या.

त्यानंतर मी एसटीनं जाऊ लागलो. संध्याकाळी परतताना त्यांच्या दारावरूनच वाट. जसोदामाय ओट्यावर बसलेली असायची आणि रोज हाक मारायची. मी जायचो, डोकं खाली करायचो, ती हात ठेवायची. योगेंद्रची मोठी मुलगी रंजिता, पाचवीतली, दाराला टेकून बघायची. पूर्वी ही पोर मला रस्त्यातच अडवून पाढे म्हणून दाखवायची. आता एक शब्द बोलत नव्हती. बाप गेलाय, बोलेल हळूहळू, असं मी धरून चाललो.

मार्चमध्ये गिरधर त्यांच्या घरी आला, मीही तिथंच होतो. ओट्यावर न बसता उभ्यानंच बोलला. पंधरा लाखांचं कलम पॉलिसीत नव्हतं. मागच्या वेळी विमा नवा करताना योगेंद्रनं 'माझा दुसरा अपघात विमा आहे' या ओळीखाली सही केली होती. तशी सही केली की तीनशे तीस रुपये कमी भरावे लागतात. दुसरा विमा वगैरे काही नव्हता.

"सगळेच करतात," गिरधर म्हणाला. "मीच दाखवतो सगळ्यांना. शेकडो गाड्या, कुणाकुणाचं लक्षात ठेवू?" त्याचा आवाज चिरकला होता. वहिनींनी त्याला पाणी दिलं. तो ते न पिताच गेला.

म्हणजे मी जे बोललो होतो ते पंधरा लाखांसाठी, असं मी स्वतःला दोन महिने सांगत होतो, आणि आता त्यातून पदरात पडलं ते फक्त माझ्या. केस नाही, चौकशी नाही, नोकरी शाबूत.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वहिनींना अनुकंपाच्या नोकरीचा अर्ज द्यायला कचेरीत यायचं होतं. आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. कंडक्टरला मी एक फुल, एक हाफ म्हणालो. बायकांना अर्धं तिकीट आहे हल्ली. वहिनींनी ते तिकीट उलटसुलट करून बघितलं.

"भाऊ, गाडीघाई खरंच पैसा वाचे का?" त्यांनी विचारलं.

नऊ वर्षांत मी हे गणित पुरतं कधीच मांडलं नव्हतं. मांडलं असतं तर भांडण संपलं असतं. आता खिडकीशी बसून मांडलं. टायर धरले, चेनसेट, ऑइल, विमा, एकदा इंजिनचं काम, गाडीची किंमत नऊ वर्षांवर पसरली.

"काही नाही वहिनी," मी म्हणालो. "महिन्याला शंभर-दोनशे. फार तर."

"शंभर-दोनशे," त्या म्हणाल्या.

तळोदं मागे पडलं. तो फाटा आला. गतिरोधकावर आता पांढरे पट्टे मारले होते. ड्रायव्हरनं गाडी हळू केली, पुढची चाकं चढली आणि उतरली, मग मागची.

"येतांना गाडी तुम्हना हातमा ऱ्हाये," वहिनी म्हणाल्या. समोरच्या सीटच्या दांडीकडे बघत म्हणाल्या.

"हो," मी म्हणालो. "त्या दिवशीही माझ्याच हातात होती. मी पोलिसात जाऊन खरं सांगतो."

"काय भेटी त्याघाई?" त्यांनी विचारलं. मग त्याच म्हणाल्या, "गाडी तेच चालाडी ऱ्हायंतात अशे तुम्ही सांगं, तव्हय मी बी गप ऱ्हायनू. पैसा भेटतीन, पोरी शिकतीन, अशे माले बी वाटनं. त्याना राग नही माले. पन ते सर्दीनं काबरं सांगं?"

मी म्हणालो, हवालदारानं हेल्मेटचं विचारलं, तोंडाला आलं ते बोललो.

"रंजिता माले रोज इचारस," वहिनी म्हणाल्या. "पप्पानी काकाले काबरं दिधं? काकानी सर्दी पप्पाले दिखनी, आम्ही नही दिखनूत का? मी काय सांगू तिले? सासूबाईले त्या गोष्टनाच आधार शे. तिन्हा पोऱ्या देव व्हयना. पन मन्ही पोरना बाप तिले टाकीसन ग्या ना."

तीन महिन्यांत मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं. लाज वाटली. साधी, अंग गरम करणारी लाज, चोरी पकडल्यावर वाटते तशी. योगेंद्रच्या मरण्याची जबाबदारी मी त्याच्यावर टाकली, ती त्यानं मुकाट घेतली, मेलेला माणूस काय करणार! पण सर्दीचं जे घुसडलं होतं ते त्या पोरीनं घेतलं होतं. कुणाला न सांगता, दाराला टेकून.

"तिले तुम्हीच सांगा," वहिनी म्हणाल्या. "मन्हं ती ऐकाव नही. आई समजाडस म्हनी."

"मायसमोर?"

"ते तुम्ही देखा." मग त्या कागदांची पिशवी मांडीवर घेऊन अक्कलकुवा येईपर्यंत त्यातले कागद लावत बसल्या.

कचेरीत अर्ज दिला. कारकुनानं दोन झेरॉक्स कमी आहेत म्हणून सांगितलं, त्या काढून आणल्या. संध्याकाळच्या गाडीनं परतलो. दिवस मोठे झाले होते, गल्लीत अजून ऊन होतं. मोटरसायकल अंगणात ताडपत्रीखाली होती. रंजिता पायरीवर बसून कसलीशी वही आखत होती. जसोदामायनं मला हाक मारली, नेहमीसारखी. मी गेलो, डोकं खाली केलं, तिनं हात ठेवला.

नंतर एकांतात सांगता आलं असतं. पण उद्या मी पुन्हा असाच वाकलो असतो आणि परवाही, हे मला माहीत होतं. मी वाकलेल्या डोक्यानंच रंजिताकडे वळलो.

"रंजू, त्या दिवशी गाडी मी चालवत होतो," मी म्हणालो. "सकाळी तुझे पप्पा चालवायचे, संध्याकाळी मी. जो चालवेल त्याच्या डोक्यावर हेल्मेट. मला सर्दी नव्हती. पप्पांनी मला काही काढून दिलं नाही. मी खोटं सांगितलं."

वहिनी फाटकाशी उभ्या होत्या. त्या पुढे आल्या नाहीत.

रंजितानं वही मिटली. तिनं माझ्याकडे बघितलं, पाढा चुकला की बघायची तसं.

"मंग सकायले पप्पाना डोकावर ऱ्हाये?" तिनं विचारलं.

"रोज."

"त्या दिन बी?"

"त्या दिवशी सकाळी मीच पट्टा लावून दिला होता. त्याची क्लिप नीट बसायची नाही."

ती मान हलवून उठली आणि आईजवळ जाऊन उभी राहिली.

जसोदामायचा हात अजून माझ्या डोक्यावर होता. तिला सगळं ऐकू गेलं होतं, तिचे कान चांगले आहेत. बोटं आधी घट्ट झाली, केसांत रुतली, मग सैल पडली. मी मान वर केली नाही. तिनं हात काढून घेतला आणि पदराला पुसला.