सात कप्प्यांची डबी

रिपोर्ट सूनबाईच्या हातात होता आणि मी तो तिरक्या नजरेने वाचत होतो. थायरॉइडचा आकडा, टीएसएच, सहा पूर्णांक आठ. दोन महिन्यांपूर्वी तो दोन होता.

"बाबा, उघड वाचा की. चोरून कशाला?" तिने कागद माझ्या मांडीवर ठेवला.

दवाखान्यात आमच्या आधी चारजणी होत्या. मुलगा बोटीवर नोकरीला, म्हणून तिच्यासोबत मी. माझी सोबत ती कसली! चौतीस वर्षं ग्रंथालयात काढली. तिथे बोलायचं नसतं, ती सवय घरीही टिकली.

"थायरॉइडची गोळी एक दिवस चुकली नाही," ती म्हणाली. "मग वाढला कसा? बाळाच्या मेंदूचं काम आहे हो हे."

मी चष्मा पुसत राहिलो.

गोळी चुकली नव्हती, कारण डबी मीच भरायचो. सात वारांचे सात कप्पे. पाचव्या महिन्यात लोहाची गोळी दुपारी आणि कॅल्शियमची रात्री सुरू झाली. ती दोन्ही विसरायची. मला तोडगा सुचला: एका वाचकाची पुस्तकं एकाच कप्प्यात ठेवावीत. तिन्ही गोळ्या सकाळीच, उपाशीपोटी. स्वतःच्या हुशारीचं मला कौतुक वाटलं होतं. असं क्वचितच होतं.

आज निघताना, ती चपला घालत असताना, थायरॉइडच्या गोळ्यांच्या खोक्यातला घडीचा कागद सहज उघडला. मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: लोह किंवा कॅल्शियमसोबत घेऊ नये, चार तासांचं अंतर ठेवावं. छापलेला कागद दिसला की वाचणारा मी, नेमका हाच राहिला होता. आणि रिक्षात तोंड उघडलं नाही.

मी उठलो, पाणी प्यालो, बसलो. पुन्हा उठलो.

"पायाला भिंगरी लागलीय का, बाबा? बसा. बाळंतपण तुमचं नाहीये."

शेजारची बाई हसली. तेवढ्यात आमचा नंबर आला.

"गोळ्या नीट घेता ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आमच्या बाबांनी दिल्यात. काळ्या दगडावरची रेघ."

"मग डोस बराच वाढवावा लागेल." त्यांनी पेन उघडलं.

गप्प राहिलो तर डोस वाढेल. घरी गोळ्या गुपचूप वेगळ्या करीन, कुणाला पत्ताही लागणार नाही. पण मग तोच डोस जास्तीचा होईल. पेन कागदाला टेकलं.

"थांबा!" माझा आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकलो. मग एकेक शब्द ओढून काढत सगळं सांगितलं. सूनबाईकडे पाहिलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "बरं झालं बोललात, आजोबा. गरोदरपणात डोस थोडा वाढतोच, तेवढाच वाढवते. गोळ्यांत चार तास अंतर ठेवा. चार आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासू."

"बाळाला काही...?"

"पहिल्या महिन्यांचे रिपोर्ट चांगले होते, ही जमेची बाजू. पुढचं पाहू."

ते 'पाहू' जिना उतरताना माझ्यासोबत उतरलं. सूनबाई दोन पायऱ्या पुढे होती. औषधांच्या दुकानाशी ती थांबली.

"सकाळची आणि रात्रीची गोळी मी माझी घेईन. लोहाची ऑफिसात नेईन. तुम्ही रोज दुपारी एकला फोन करून आठवण करायची."

"फोन? मी?"

"हो, तुम्हीच. आणि विसरले असेन तर ओरडायचं. ओरडता येतं तुम्हाला, आज ऐकलं."

ती रागावली होती की नाही, मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेबारापासून मी फोनपाशी उभा होतो. शेवटी राहवलं नाही. पहिल्याच रिंगला तिने उचलला.

"बाबा, अजून दहा मिनिटं आहेत."

"माहीत आहे," मी म्हणालो आणि फोन तसाच कानाला धरून उभा राहिलो.