नळाला पाणी आल्याचा गुन्हा

"मावशी, हा झोन म्हणजे आता लोणच्याची बरणी. झाकण घट्ट! एका थेंबाला आत यायचं असेल, तर मला विचारून यावं लागेल," असं म्हणत योगेशने नंदाताईंच्या दारातला नळ सोडला.

मनगटाएवढी धार लागली.

मंगळवारची सकाळ होती. धायरीच्या त्या चढावरच्या गल्लीत ठेकेदार कंपनीची सहा माणसं हेल्मेट घालून उभी होती आणि योगेश त्यांचा इंजिनियर. शहराच्या पाण्याचे छोटे छोटे झोन पाडायचे, प्रत्येकाला एकच तोंड, एकच मीटर, म्हणजे कुठे किती पाणी गळतं ते कळतं, असं ते काम. आज परीक्षा. सगळे व्हॉल्व्ह बंद केल्यावर नळ कोरडा पडला, तर झोन पास. गल्लीत दारात नळ असलेलं घर एकच, नंदाताईंचं, म्हणून परीक्षेला बसायचा मान त्यांच्या नळाला.

नंदाताईंची खानावळ होती. त्या दिवशी साडेबाराला त्यांना एका आयटी कंपनीत साठ डबे पोचवायचे होते. जेवण पसंत पडलं तर वर्षभराचं काम, नाहीतर राम राम. पाणी गुरुवारी बंद राहणार असा निरोप आला होता, त्यामुळे पिंपं रिकामी. गुरुवार मंगळवारीच कसा उजाडला, हे निरोप देणाऱ्यालाच ठाऊक. ताईंचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं. पण धार बघून त्यांनी राग गिळला आणि पातेलं खाली सरकवलं.

"मावशी, भरू नका."

"का?"

"पाणी येतंय तुम्हाला."

"नळ आहे तो. तुम्हाला काय ताक पाहिजे होतं?"

"तसं नाही हो. नियमाप्रमाणे आत्ता तुम्हाला पाणी येत नाहीये."

नंदाताईंनी पातेल्याकडे पाहिलं. ते भरून वाहत होतं. मग त्यांनी पदर खोचला.

"अकरा वर्षं मी अर्ज करतेय, पाणी धड येत नाही म्हणून. कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. आज पाणी आलं, तर सहा माणसं? आणि हेल्मेट कशाला? माझ्या नळातून दगड पडणारेत?"

समोरच्या ओट्यावर मिश्री लावत बसलेल्या गोदाबाई थुंकून म्हणाल्या, "आरं पोरा, ती पंचायतीची लाईन हाय. धायरी गाव व्हतं तवाची. वरच्या टाकीतनं येती, पार ताईच्या दाराखालनं."

योगेशने टॅबवर नकाशा मोठा केला, लहान केला, आडवा केला.

"आजी, अशी लाईन नाहीच आहे."

"नकाशा काढताना मला इचारलं व्हतंस का?"

योगेशने आजींना नाही, पण साहेबांना फोन लावला. साहेबांना दहाच्या आत शून्य प्रेशरचा फोटो हवा होता. दहा मिनिटांत जेसीबी आला.

"अहो, माझे साठ डबे खरकटे पडलेत!" नंदाताई जेसीबीच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. "तासभर थांबा. डबे घासते, कुकर लावते, मग खुशाल पाताळात जा."

"मावशी, तासाभराचा प्रश्न आहे. लाईन तोडली, झोन पास झाला, की मेन व्हॉल्व्ह उघडतो. मग चोवीस तास पाणी. डबे काय, गल्ली धुऊन काढा."

चोवीस तास म्हटल्यावर नंदाताई बाजूला झाल्या. नंतर त्यांना स्वतःचाच सगळ्यात जास्त राग आला तो ह्याच गोष्टीचा.

चार फुटांवर पाईप सापडला. अगदी गोदाबाईंनी सांगितला तिथे. तोडला, तोंडाला बूच मारलं. नळाने दोन उचक्या दिल्या आणि तो गप्प झाला. टाळ्या पडल्या. योगेशने नळासोबत सेल्फी काढून साहेबांना पाठवला. साहेबांचा अंगठा आला.

मग मेन व्हॉल्व्ह उघडला. पूर्ण उघडला. नळातून हवासुद्धा आली नाही.

पाऊण तास फोनाफोनी झाल्यावर कळलं, की झोनची नवी लाईन वरच्या टाकीला अजून जोडलेलीच नाही. ते काम दुसऱ्या टप्प्यात होतं. आजवर अख्खी गल्ली पंचायतीच्याच पाण्यावर जगत होती.

"आणि तुमचा मीटर?" नंदाताईंनी दात आवळून विचारलं. "तो काय दाखवत होता इतके दिवस?"

"शून्य," योगेश पुटपुटला. "आम्हाला वाटलं, गळती थांबली. प्रशस्तिपत्रक पण मिळालं त्याचं."

"बूच काढा."

"नाही काढता येत, मावशी. वेल्डिंग केलंय. आणि झोन पास झालाय, आता त्याला हात लावायचा तर वरून परवानगी लागते."

"साडेदहा वाजलेत! डाळ शिजलीये, तांदूळ कोरडे आहेत आणि डब्यांना कालची उसळ चिकटलीये. आयटीवाल्यांना काय तुमचं प्रशस्तिपत्रक वाढू?"

"टँकर सांगितलाय ना. पाचच मिनिटं."

ती पाच मिनिटं सव्वाअकराला संपली. पुढे जेसीबीने खणलेला खड्डा होता, त्यामुळे टँकर गल्लीच्या तोंडाशीच थांबला. सोनू ड्रायव्हरने मागचा पाईप उलगडला, कॉक पूर्ण सोडला आणि केबिनमध्ये बसून चहा मागवला. पाईप नंदाताईंच्या दारापासून तीन घरं अलीकडे संपला, आणि डब्यांऐवजी गल्ली तेवढी धुऊन निघाली.