अंगठे नसलेली सही

विषय : श्री. बलसुर घर्ती यांच्या विद्युतीय सहीस सही मानण्याबाबत.
अर्जदार : सदर सही स्वतः.

मी सही बोलतेय. शाईची नव्हे, संगणकातली. काठमांडूच्या एका परवानाधारक संस्थेत माझा जन्म झाला. मला वळण नाही, फराटा नाही. फाइलीच्या पोटात आकड्यांची साखळी होऊन बसते आणि मागाहून कुणी एक अक्षर जरी बदललं तरी बोंब ठोकते. एवढं इमान शाईला कुठलं!

बलसुर तेव्हा पोखऱ्यात ठेकेदार होता. पुलांची टेंडरं भरायला त्यानं मला घेतलं. टेंडरं इतरांना मिळाली आणि बलसुर मलेशियात हातमोज्यांच्या कारखान्यात लागला. मी त्याच्या लॅपटॉपात बेकार पडून. त्यात माझ्या जन्मदाखल्यावरच मरणाची तारीख असते. यंदाचा असार, म्हणजे आषाढ, संपला की मी संपले. डोळा लागणार कसा?

अशात त्याच्या मुलीला, इंद्रकलेला, नागरिकतेचा दाखला हवा झाला. त्याशिवाय नर्सिंगच्या परीक्षेचा फॉर्म भरता येत नाही. ओळख पटवायला बापानं कचेरीत येऊन सही करायची. आई नाही, काका नाही आणि बापाला मालक सोडेना. तेव्हा बलसुरनं ओळख पटवणाऱ्या पत्राच्या फाइलीत मला बसवून ती मुलीला धाडली. कायद्यानं मी हातच्या सहीच्या बरोबरीची. हा कायदा आणि इंद्रकला साधारण एकाच वयाची. कचेरीत दोघांनाही अजून कुणी ओळखत नाही.

तिनं मोबाइल कारकून चूडामणींपुढे धरला.

"सही कुठाय, बहिनी?"

"आत आहे, दाइ. तपासली की हिरवी खूण येते."

"हिरवं चौकातल्या सिग्नलला चालतं. नेपाळी कागदावर छापून आण."

तिनं हातबनावटीच्या त्या जाड कागदावर छापून आणलं. छापलं तिथंच घात झाला. फाइलीबाहेर मी जगत नाही. कागदावर नुसतं माझं नाव उरलं.

चूडामणींनी कागद उजेडात धरला. "आणि ल्याप्चे? उजवा-डावा, दोन्ही अंगठे?"

"सहीला अंगठे कुठून येतील, दाइ?"

"मग सही कसली! आमचे आजोबा अंगठ्यांशिवाय म्हैससुद्धा विकत नसत."

इंद्रकलेनं बापाला व्हिडिओ लावला. बलसुरनं कारखान्याच्या जिन्यातच पेनाच्या शाईनं दोन्ही अंगठे माखले आणि कॅमेऱ्यावर टेकवले. "घ्या हाकिमसाब, उजवा आणि डावा! का कापून पाठवू?"

सगळी कचेरी हसली. इंद्रकला हसली नाही.

"फॉर्मची मुदत असारातच संपते, दाइ. बा समोर दिसतोय. कायदा त्याची सही मानतो. तुम्ही का मानत नाही?"

चूडामणींचंही हसू विरलं. "मी मानतो गं. पण उद्या वरून विचारणा झाली तर सापडेल ती माझी सही. शाईची आहे ना ती."

तरी त्यांनी इंद्रकलेच्या अर्जावर लिहिलं : 'विद्युतीय सही ग्राह्य धरावी काय? निर्णयार्थ सादर.' खाली झोकदार सही ठोकली.

अर्ज वरच्या मजल्यावर गेला. तिथून कायद्याचं मत मागवलंय. मत देणारे रजेवर आहेत. इंद्रकला रोज जिना चढते, विचारते, उतरते. माझं मागणं थोडकं आहे : मुदतीच्या आत मला कुणीतरी एकदा उघडून तपासावं.

असार निम्मा सरला. अर्ज प्रलंबित आहे.