दोन बोटं माया

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि निळ्या बोटीच्या मागच्या शिडीची पायरी पुन्हा मोजली. पुन्हा ती तेवढीच भरली.

"बाबा, मोजून मोजून ती काही ठेंगणी व्हायची नाही," मुलगी म्हणाली.

बोटी विकणाऱ्याच्या शेडमध्ये दोन स्पोर्ट बोटी शेजारी शेजारी उभ्या होत्या, जुळ्या बहिणींसारख्या. लांबी तीच, इंजिन तेच, बसायच्या जागा तेवढ्याच. मास्तरांच्या कारखान्यात बोटींच्या गाद्या शिवल्या जात, त्यामुळे दोघींच्या पोटातलं त्यांना पाठ होतं. निळीला पोहणाऱ्यांसाठी मागे शिडी होती. पांढरीला शिडी नव्हती, पण कुशीत एक दार होतं, धक्क्यावरून सरळ आत नेणारं. फरक काय तो एवढाच.

मास्तरांना निळीच हवी होती. त्यांची बायको तळ्याकाठी वाढलेली. लग्नानंतर त्यांना पोहायला तिनंच शिकवलं. पाण्यात शिरली की माहेरी आल्यासारखी दिसायची. आता तिच्या हातात काठी होती. पायांतलं बळ ओसरत चाललंय, ते परतायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मास्तर नुसतं "बघू" म्हणाले होते.

"एकदा चढून बघ," ते बायकोला म्हणाले. "मी आहे ना मागे."

तिनं काठी मुलीकडे दिली. पहिली पायरी झाली. दुसरीवर उजवा पाय उचलेना. परक्याच्या पायाकडे बघावं तसं तिनं त्याच्याकडे बघितलं.

"डावा आधी टाक. टाक ना. काल जिना चढलीस की."

"काल तुम्ही उचलून नेलंत."

तरी तिनं डावा टाकला, आणि घसरली. मास्तरांनी तिला कवेत झेललं.

"पायरी गुळगुळीत आहे," ते बोटी विकणाऱ्यावर खेकसले. "रबर लावा. मधे आणखी एक पायरी बसवा. दोन्हीकडून कठडा..."

"बसवू ना, मास्तर," तो खाली बघत म्हणाला.

"उन्हाळ्यापर्यंत ही पोहायला लागेल." मास्तरांनी बजावलं.

"अहो." बायको अजून त्यांच्या कवेतच होती. "तुम्ही शिवलेला लेकीचा पहिला फ्रॉक आठवतो? घातला की आत पोर शोधावी लागायची. मी हसले, तर म्हणालात, वाढत्या अंगाला आजचं माप घ्यायचं नसतं."

"मग?"

"मग माझं कालचं का घेताय?"

मुलीच्या खांद्याचा आधार घेत ती पांढऱ्या बोटीपाशी गेली आणि दारावर तळवा ठेवला.

"हे मोजा."

ते आले. दाराला टेप लावली. सवयीनं त्यांची नजर तिच्या कमरेवर गेली नि अंगठा टेपवर एका आकड्याशी थांबला.

"आरामात जाशील."

"माया सोडा," ती म्हणाली.

कारखान्यात दिवसभर हाच शब्द त्यांच्या तोंडी असे. शिवणीत दोन बोटं माया सोडा रे, पुढे उसवून वाढवता येतं. आज तो ऐकून ते तिच्याकडे वळले.

"नाही सोडणार," ते पुटपुटले.

"शिवणीतली म्हणतेय मी," ती म्हणाली, आणि त्यांच्या गळ्यापाशी सुटलेलं बटण लावून दिलं.

मास्तर पुन्हा दाराकडे वळले. मग मान न वळवता त्यांनी विचारलं,

"चाकाची खुर्ची किती रुंद असते हो?"

बोटी विकणाऱ्यानं सांगितलं. मास्तरांनी टेपवर अंगठा तिथवर सरकवला, आणि त्यापुढे दोन बोटं.